आखाजीची एक संध्याकाळ, परीक्षकांशिवाय

मागच्या रविवारी अमळनेरला आमच्या नाट्यमंडळाची बैठक झाली. फोन सतरंजीवर मधोमध ठेवला होता, म्हणून इथे यॉर्कशायरमध्ये बसून मला सगळं ऐकू आलं. विषय एकच होता. मंडळातल्या पोरापोरींना उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, एक संध्याकाळ करायची आहे. नाट्यछटा, एकपात्री, नकला, चार गाणी, जमलीच तर एखादी छोटी एकांकिका. तिकीट नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. मंडळातले आजी-माजी सगळे, त्यांच्या घरचे आणि गल्लीतलं जे कुणी येईल ते. मला रंगमंचावर उभं राहायला ज्यांनी शिकवलं, ते आमचे नाना म्हणाले, "परीक्षक नही, तं मंग नाटक कसाले?"

नानांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. राज्य नाट्य स्पर्धा साठहून जास्त वर्षं चालू आहे आणि आमच्यासारख्या गावांतलं हौशी नाटक तिने जगवलं आहे. सेटचे फ्लॅट टेम्पोत घालायचे, धरणगाव, पाळधी करत जळगाव गाठायचं, दुपारी लाइट लावायचे, संध्याकाळी प्रयोग आणि मध्यरात्री तोच सेट उतरवून पुन्हा टेम्पोत. डिमर कसा हळू सोडायचा हे मी तिथेच शिकलो. स्पर्धा नसती तर नानांनी तीन-तीन महिने तालमी घेतल्या नसत्या, हेही मला ठाऊक आहे.

पण निकाल लागला की मंडळ मिटतं. प्राथमिक फेरीतून पुढे गेलो तर अंतिम फेरीपर्यंत, नाही गेलो तर त्याच आठवड्यात. मग पुढच्या गणपतीपर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. आठ-नऊ महिने ज्याचं दार बंद असतं त्याला मंडळ तरी कसं म्हणायचं? हे मी गावात असताना मला कधी खटकलं नव्हतं. इथे येऊन खटकलं.

मी राहतो त्या छोट्या गावात हौशी नाट्यसंस्था आहे आणि सात वर्षं मी तिचा सभासद आहे. वर्षाला तीन नाटकं, जानेवारीत मुलांसाठी पँटोमाइम, म्हणजे गाण्या-विनोदांचं परीकथेचं नाटक, आणि जुलैच्या सुरुवातीला हंगाम संपताना सभासदांची उन्हाळी संध्याकाळ. ज्याने त्याने घरून एक पदार्थ करून आणायचा. मी पहिल्या वर्षी आईने पाठवलेली बिबडी तळून नेली होती. हॉलच्या मागचं दार उघडं ठेवतात, साडेनऊपर्यंत बाहेर उजेड असतो. कार्यक्रमाचा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला असतो. कुणी दोन वर्षांपूर्वीच्या नाटकातला प्रवेश पुन्हा करतं, कुणी गातं, दोघे-तिघे यॉर्कशायरच्या ठसकेबाज बोलीत लांबलचक विनोदी कथन करतात.

एक बाई आहेत, सत्तरीच्या. वीस वर्षं त्या विंगेत संहिता धरून बसतात. प्रॉम्प्टिंग त्यांचं, मध्यंतराचा चहाही त्यांचाच. मुख्य नाटकात त्यांना कधी भूमिका मिळाली नाही. त्यांनी मागितली नाही आणि कुणी विचारलंही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी त्या उठल्या आणि आठ मिनिटांचं एकपात्री त्यांनी केलं. कागद नाही, अडखळणं नाही. शेवटच्या वाक्याआधी त्या थांबल्या तेव्हा हॉलमधला एक माणूस हलला नाही. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांभाळताना ही बाई नाटक किती बारकाईने बघत होती, ते त्या आठ मिनिटांत कळलं. स्पर्धेत हे घडलं नसतं. तिथे सगळ्यात भरवशाच्या नटालाच पुढे करावं लागतं आणि ते चूकही नाही. पण मग बाकीच्यांसाठी दुसरी जागा हवी ना?

इथलं सगळं छान आणि आपलं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. सोयी इथे आहेत. 1968 च्या कायद्याने इथली नाटकांची सेन्सॉरशिप संपली. 2013 पासून तर पाचशेपर्यंत प्रेक्षक असतील आणि नाटक सकाळी आठ ते रात्री अकराच्या आत असेल, तर त्यासाठी परवानाही लागत नाही. आपल्याकडे जाहीर प्रयोगाच्या संहितेला आजही सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि याविरुद्ध अमोल पालेकरांना 2016 मध्ये उच्च न्यायालयात जावं लागलं. पण इथल्या हॉलमध्ये मागून पाहिलं तर पांढरी डोकीच दिसतात. पोरं नोकरीला लीड्स, मँचेस्टरला जातात, ती परत येत नाहीत. रविवारच्या फोनवर मला निदान सहा आवाज विशीच्या आतले ऐकू आले. ते इथे कुठल्याही वर्गणीने मिळणार नाहीत. आणि ही पोरं आपणहून काही करू म्हणत असताना आपण त्यांना नोव्हेंबरच्या स्पर्धेपर्यंत थांबा म्हणतो आहोत.

बैठकीत उन्हाचा मुद्दा निघाला. खरा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आठ वाजल्याशिवाय फरशीवर बसवत नाही, आणि दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम. म्हणजे हातात दोनच तास. माझं म्हणणं, माइक नकोच. नानांच्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या, पन्नास-साठ माणसं. आवाज पोहोचवायला नानांनीच शिकवलं आहे. वैशाखात आपलं गाव रात्रीच तर जागं होतं. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात माणूस मावत नाही, एकादशीच्या रथापासून पौर्णिमेच्या पालखीपर्यंत कुणाला ऊन आठवत नाही. तृतीयेची आखाजी आणि एकादशीचा रथ यांच्यामधली एखादी संध्याकाळ धरावी.

दुसरा मुद्दा अहिराणीचा, आपल्या खान्देशी बोलीचा. पोरांना तीन नकला अहिराणीत करायच्या आहेत, आणि एक भाऊ म्हणाले की त्याने मंडळाचा दर्जा उतरेल. मला हे लागलं. 2011 च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर लोक आहेत. 2024 मध्ये आपल्याच गावात साहित्य संमेलन झालं तेव्हा पाहुण्यांना आपण अहिराणीचं कौतुक सांगत होतो. इथे ठसक्यातली बोली ऐकून लोक खुर्चीतून पुढे सरकतात, कारण ती त्यांच्या आजीच्या तोंडची असते. आमच्या घरात प्रमाण मराठी पाहुण्यांशी बोलायची, भांडण, रडणं, लाड सगळं अहिराणीत. मग रंगमंचावर भांडण आणि रडणं आपण उसन्या भाषेत का करायचं?

पण हे दोन्ही मुद्दे बाजूला ठेवले तरी आखाजीचा मी सोडणार नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोका, फुगडी, आमरस, खापरावरचे मांडे, ते आठ दिवस त्यांचे. आमच्या मंडळात माझ्या वेळी पाच मुली होत्या. नानांच्या हाताखाली तयार झालेल्या, त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा कितीतरी सरस. लग्नं झाली, एक सुरतला गेली, एक शिरपूरला, बाकीच्या पुण्या-नाशिकला. त्यानंतर एकीनेही रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. कुणी अडवलं असं नाही. नोव्हेंबरच्या स्पर्धेआधी तीन महिने तालमीला त्या येणार कशा? आपलं वेळापत्रकच असं की लग्न झालेली मुलगी त्यातून आपोआप गळते, आणि मग दरवर्षी आपण 'स्त्रीपात्र मिळत नाही' म्हणून रडतो. वर्षातून एकदा त्या गावात असतात, तेव्हाच मंडळाला कुलूप असतं.

बैठक निर्णयाविना उठली. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहेत. मधल्या दिवसांत मी सुरतला फोन केला. ती आमच्या 2003 च्या नाटकात आईची भूमिका करायची, एकोणीस वर्षांची असताना. आता तिची मुलगी त्याच वयाची आहे. आखाजीला येणार आहेस का, विचारलं. येणार म्हणाली. संध्याकाळचं सांगितलं तर गप्पच बसली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "दुसऱ्या अंकातलं ते भाषण मना आजून ध्यानमा शे. नानांना विचार, चालेल का."

नाना, मी तुम्हाला विचारतो आहे.