रस्ता एक किलोमीटरने आखूड झाला

आमच्या नानांकडे एक वही आहे. गाडी घरात आली त्या दिवसापासूनची. गाडी कुठे गेली, किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती भरलं, हवा कधी तपासली, सगळं तारीखवार. नाना स्वतः गाडी चालवत नाहीत. मागच्या सीटवर बसतात आणि लिहितात. आमच्या घरात कुणाच्या लग्नाची तारीख पटकन सापडणार नाही, पण वायपरचं रबर कधी बदललं ते एका मिनिटात सापडेल.

तर एके दिवशी त्या वहीत नोंद पडली : 'अक्काकडे गेलो. नेहमी २५, आज २४. रस्ता सरळ केलेला दिसतो.'

मी मनसोक्त हसलो. त्या एका ओळीत माझ्या पुढच्या महिन्याची कुंडली लिहिलेली होती, हे तेव्हा कळायला हवं होतं.

झालं होतं असं. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. मागचे मात्र काही महिन्यांपूर्वीच घातलेले, चांगले दणकट. गाडीचा मूळ साइज १८५/६५ आर १५. दुकानात नेमका तोच नव्हता. होता तो २०५/६५ आर १५. थांबलो असतो तर दोन दिवसांत माल येणार होता. पण बरोबर मेहुणा होता, आणि मेहुणा बरोबर असताना माणूस थांबत नाही.

"भाऊजी, रिम तीच, आर पंधरा तो आर पंधराच. वर गाडीला जरा छाती येईल."

छाती या शब्दावर मी गेलो. टायरवाल्याने एकदा विचारलंही, "मागचे पण बदलायचे का?" मी म्हटलं, मागचे नवेच आहेत. त्यावर तो "बघा बुवा" एवढंच म्हणाला. आपल्याकडे 'बघा बुवा' हा लेखी इशाऱ्यापेक्षा गंभीर प्रकार आहे, पण ज्याला तो दिला जातो त्याला कधीच ऐकू जात नाही.

नव्या टायरांनी गाडीचं नाक वर उचललं गेलं. किती, तर तेरा मिलिमीटर. मला मात्र ती आखाड्यात उतरलेल्या पहिलवानासारखी दिसू लागली. दोन दिवस मी कारण नसताना खिडकीतून खाली बघत होतो.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर तो दिवा लागला. पिवळा. मध्ये एक गोल, दोन्ही बाजूंना कंस आणि गोलात तीन अक्षरं : एबीएस.

किल्ली फिरवली की सगळेच दिवे दोन-तीन सेकंद लागतात आणि विझतात. ती त्यांची हजेरी असते. हाही हजेरी देऊन जायचा. पण चार-पाच किलोमीटर गेलं की परत हजर, आणि मग हलायचं नाव नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की गायब. त्यामुळे मला एक वाईट सवय लागली. मी दर पाच किलोमीटरला गाडी बाजूला घ्यायचो, किल्ली फिरवायचो आणि घरच्यांना सांगायचो की फोन आलाय. बायकोने तिसऱ्या वेळी विचारलं, "अहो, फोन तर माझ्या पर्समध्ये आहे."

गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. दिवा लागल्यास अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा, असा त्यात मौलिक सल्ला होता. एक कामाची गोष्टही होती : नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त करकचून दाबल्यावर चाकं जाम होऊ न देण्याची सोय, म्हणजेच एबीएस, बंद पडते. पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच उभी करायची. माझा पिवळाच होता. मी त्यावर समाधान मानलं. डॉक्टर 'निदान हे तरी नाही ना' म्हणाले की पेशंट जसा खूश होतो, तसं.

मग फ्यूज बघितला, ठीक. ब्रेक ऑइल बघितलं, ठीक. हवा बघितली, ठीक. मेहुण्याने कुठून तरी एक काडेपेटीएवढा स्कॅनर आणला. स्टेअरिंगखालच्या खाचेत तो खुपसला, मोबाइल जोडला आणि दोन मिनिटांनी निकाल जाहीर केला.

"भाऊजी, गाडीत काहीच दोष नाही."

"मग दिवा?"

"दोष दिव्यात असेल."

पुढे कळलं की तो स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिनशी बोलतो. इंजिनाच्या बिघाडांचे कोड 'पी'ने सुरू होतात, ब्रेक वगैरे मंडळींचे 'सी'ने. शेजारच्या घरात भांडण पेटलेलं असताना आमच्या घरात सगळं शांत आहे असं सांगणारा तो साक्षीदार होता.

शेवटी मी वाचायला बसलो. एबीएस म्हणजे काय, तर मोजणी खातं. प्रत्येक चाकाच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, एक दातेरी कडं असतं, नव्या गाड्यांत त्याजागी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी बसवलेली असते. समोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर. मध्ये फट साधारण एक मिलिमीटरची. कड्यावरचा एकेक दात समोरून गेला की सेन्सरकडून एकेक टिक. चार चाकांच्या टिका कॉम्प्युटरकडे जातात. ब्रेक दाबल्यावर एका चाकाच्या टिका एकदम मंदावल्या आणि बाकीच्यांच्या चालू राहिल्या, तर ते चाक जाम होतंय असं समजून तो त्या चाकावरचा ब्रेकचा दाब सोडतो, धरतो, सोडतो, सेकंदाला कित्येक वेळा. पायाखाली पेडल थरथरतं ते त्यामुळे. विमानांना अशी सोय १९५० च्या दशकातच मिळाली होती. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोटारीत आली १९७८ साली. इतक्या वर्षांत हा कॉम्प्युटर बराच हुशार झाला, पण त्याची एक गोष्ट मला फार आवडली. टायर त्याने जन्मात पाहिलेला नसतो. रुबाब, छाती, रुंदी यातलं त्याला काही ठाऊक नाही. तो फक्त दात मोजतो.

रात्री जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या पासष्ट टक्के. १५ ही रिम, इंचांत. म्हणजे एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. तीन सुना आणि तिघींची तीन वळणं, असा संसार. पंधरा इंचांचे ३८१ मिलिमीटर, त्यात १८५ च्या पासष्ट टक्क्यांची दुप्पट, एकूण व्यास ६२१.५. माझ्या पहिलवानाचा ६४७.५. आता परीघ काढायचा, इतक्यात नाना आले.

"अरे, परवा उजवीकडे वळताना पुढून..."

"नाना, एक मिनिट. पायने गुणतोय."

नाना काही न बोलता गेले. मी गुणाकार पुरा केला. जुना टायर एका फेरीत १ मीटर ९५ सेंटिमीटर जातो, नवा २ मीटर ३ सेंटिमीटर. फरक आठ सेंटिमीटरचा. वजनाने टायर थोडा दबतो तो हिशोब सोडून दिला तरी दर किलोमीटरला मागची चाकं ५१२ फेऱ्या मारणार आणि पुढची ४९२. समजा कड्यावर ४८ दात असतील, तर एका किलोमीटरमागे जवळजवळ हजार दातांची तफावत! आणि ही गाडी अगदी नाकासमोर सरळ चालत असताना. वळणावर चाकांचे वेग वेगळे होतात हे कॉम्प्युटरला मान्य आहे, पण वळण संपलं की ते जुळायला हवेत. इथे वळण संपतच नव्हतं. बिचाऱ्याने चार-पाच किलोमीटर सबुरी दाखवली आणि मग आपल्याच सेन्सरवर अविश्वास दाखवून दिवा लावला. हिशोबनीसाची वही जुळेना की तो आधी स्वतःचा चष्मा पुसतो, तसं.

थोडा फरक त्याला चालतोच. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ वर आली की टायर बाद. म्हणजे निव्वळ झिजेनेच व्यासात तेरा मिलिमीटर, दोन टक्के फरक पडू शकतो. तेवढं पोटात घालायची तयारी गाडी बनवणाऱ्याला ठेवावीच लागते. माझा फरक चार टक्क्यांच्या वर होता. कुठल्या गाडीची सहनशक्ती कुठे संपते ते तिचं तिला ठाऊक. माझ्या गाडीची संपली होती.

आणि मग डोक्यात वीज चमकली. पंचवीसचे चोवीस! आमच्या गाडीत किलोमीटरचा आकडा पुढच्या चाकांवरून येतो. पुढची चाकं मोठी झाली, फेऱ्या कमी झाल्या, अंतर कमी दिसलं. अक्काचं घर होतं तिथेच होतं. स्पीडोमीटरही तसाच खोटं बोलत होता. तो ८० म्हणायचा तेव्हा गाडी ८३ ने पळत असायची.

मी सगळ्यांना उठवून हे सांगितलं. कागद दाखवला. बायको म्हणाली, "बरं." मेहुण्याने फोनवरूनच तोडगा काढला, "मग मागेपण तेच टाका ना, चारही सारखे झाले की झालं!" तो अगदीच चूक नव्हता, हेच त्याच्याबाबतीत त्रासदायक असतं. चारही चाकं सारखीच मोठी झाली तर त्यांचे आपसातले वेग जुळतात आणि एबीएस बहुतेक गप्प बसतो. पण स्पीडोमीटर खोटाच राहतो, आणि रुंद टायर वळवताना आत कुठे घासेल याची हमी नाही. हे शेवटचं वाक्य मी त्याला स्वतःच्या तोंडाने ऐकवलं, हे नमूद करून ठेवतो.

नाना एवढंच म्हणाले, "म्हणजे रस्ता सरळ केला नाही?" आणि वहीतली ती ओळ त्यांनी पट्टीने खोडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मूळ साइजचे दोन टायर मागवले. टायरवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. ते आल्यावर घातले. दहा किलोमीटर गेलो, वीस गेलो, दिवा नाही. दोन दिवस मी घरात फार शांतपणे वावरलो. ज्याचं गणित बरोबर आलंय तो माणूस आवाज चढवत नाही.

तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे काटलं आणि दिवा लागला.

किती मिनिटं मी नुसता बसून होतो ते वहीत नाही. टायर मूळचे, हवा बरोबर, पाय तोच, ३.१४. चुकलं कुठे? नव्या-जुन्या नक्षीचा फरक? तो तर अर्धा टक्काही नव्हता. रात्री पुन्हा कागद घेऊन बसलो, तेव्हा बायकोने तो शांतपणे काढून घेतला आणि सकाळी मला गॅरेजात पाठवलं.

मिस्त्रीने मोठा स्कॅनर लावला. सगळी व्याख्या मी त्याला ऐकवली : व्यास, परीघ, हजार दात. तो 'हं हं' करत ऐकत होता, नजर स्क्रीनवर. मग म्हणाला, "पहिला कोड तुमचा बरोबर आहे साहेब, चाकांचे वेग जुळत नव्हते. तो जुना झाला. हा दुसरा आहे. पुढचं उजवं चाक, सेन्सरची लाइन तुटतेय." गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

आत, मडगार्डच्या पोटाला धरून बोरूएवढी काळी वायर खाली हबकडे उतरत होती. सगळीकडे तिच्यावर धूळ आणि चिखलाची पुटं. फक्त एका जागी, दोन बोटांच्या लांबीत, ती लख्ख चकचकीत होती, मुद्दाम पॉलिश केल्यासारखी. त्या चकाकीच्या मधोमध केसाएवढी चीर, आणि चिरेतून तांब्याची एक तार डोकावत होती. जवळची क्लिप तुटून लोंबत होती. मिस्त्रीने वायर दोन बोटांत धरून जरा वाकवली. स्क्रीनवर त्या चाकाचा सिग्नल गेला. सोडली, आला. वाकवली, गेला.

"रुंद टायर घातले होते ना? फुल काटल्यावर आत घासलाय. क्लिप त्यानेच उडवली. टायर गेले, पण जाताना काम करून गेले."

म्हणजे दिवा एक आणि आजार दोन. पहिला मी कागदावर पकडला होता. दुसरा त्याच्याआडून रोज थोडा थोडा वायर खात होता. सेन्सर आणि वायर एकसंध येते, त्यामुळे अख्खा सेट बदलावा लागला. बसवण्याआधी मिस्त्रीने हबवरची सेन्सरची जागा घासून गंज काढला. सेन्सरखाली गंज फुगला तर तो उचलला जातो, फट वाढते आणि दिवा पुन्हा येतो, असं तो म्हणाला. नवी क्लिप बसवली, स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवून वायर कुठे ताणत नाही ना ते पाहिलं, कोड पुसला. सगळं मिळून तासाभराचं काम.

मोकळ्या, खडी पसरलेल्या जागी मी एकदा करकचून ब्रेक दाबला. पायाखाली पेडल कडकड थरथरलं, गाडी सरळ थांबली, डॅशबोर्ड काळाभोर. इतकी सुंदर थरथर मी आजवर अनुभवली नव्हती.

ते दोन पहिलवान सध्या जिन्याखाली आहेत. मेहुण्याला ते त्याच्या गाडीला लावायचे आहेत. मी "बघा बुवा" म्हटलंय.

रात्री नाना वही लिहीत होते. नोंद नीट व्हावी म्हणून मी जवळ जाऊन सांगू लागलो, की वळताना टायर आत घासत होता, त्याने वायर तुटली. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, चार पानं मागे उलटली आणि वही माझ्यापुढे सरकवली. तारीख मोठे टायर घातल्यानंतरच्या पाचव्या दिवसाची होती.

'उजवीकडे पूर्ण वळताना पुढून खर्र असा आवाज. काहीतरी घासते. चि. ला सांगण्यास गेलो. गुणाकार चालू होता.'