कामगार आत झोपलेत आणि कुलूप बाहेरून

फायर सेफ्टी म्हटलं की सगळे भिंतीवरचा लाल सिलेंडर दाखवतात. तो पाहिजेच, पण पहाटे चारला गाढ झोपलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मला एकच सांगायचंय, गाळ्यात, दुकानात, गोडाऊनमध्ये कामगार झोपवायचे आणि शटरला बाहेरून कुलूप ठोकून मालकाने घरी जायचं, हे बंद झालंच पाहिजे.

आठवून बघा. मे 2019, पुण्याजवळ उरुळी देवाची, साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली, पाच कामगार आतच दगावले, दार बाहेरून बंद होतं. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात 12 जण, पोटमाळ्यावर झोपले होते, माळाच खाली आला. 31 डिसेंबर 2023 उजाडायच्या आधी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात सहा. आणि मे 2025 मध्ये सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ, त्यात खुद्द मालक आणि त्यांच्या घरातलं लहान बाळसुद्धा. प्रत्येक वेळी रात्र नाहीतर पहाट, आणि माणसं झोपेत.

मी वायरिंगची कामं करतो त्यामुळे असे गाळे आतून बघतो. पोटमाळ्यावर जायला एकच लोखंडी शिडी, आणि मीटर बोर्ड नेमका त्या शिडीखाली! म्हणजे ठिणगी पडायची जागा तीच आणि उतरायची वाटही तीच. बाजूला पुठ्ठे, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. धूर वर चढतो, त्यामुळे आधी पोटमाळाच भरतो आणि आग पोचायच्या आत माणूस धुरानेच बेशुद्ध पडतो. खिडकी असली तरी चोरांच्या भीतीने गज वेल्ड केलेले.

त्यात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतोय, मोठा टाकून द्या म्हणणारे रोज भेटतात. अहो वायर तीच अडीच स्क्वेअर एमएमची ठेवून 16 अँपिअरचा काढून 40 चा टाकला तर आधी वायर जळणार ना! तो पडतोय म्हणजे लोड जास्त झालाय नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे, ते शोधायला पैसे द्या.

कायदा आहे, नाही असं नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून द्यावा लागतो. चांगलंच आहे ते. पण रात्री इथे किती जण झोपतात आणि वेळ आली तर कुठून बाहेर पडतील हे त्या कागदावरून कळत नाही, त्यासाठी तपासणी रात्री अकरानंतर व्हायला पाहिजे, दुपारी नाही.

खोलीचं भाडं वाचतं, मालाची राखण होते म्हणून मालक खूश, गावी दोन पैसे जास्त पाठवता येतात म्हणून पोरगाही तयार होतो. त्याची मजबुरी मला कळते, पण म्हणून त्याला कोंडायचा हक्क कोणाला मिळत नाही. चोरीची भीती असेल तर आतून कडी लावा. शटरमध्ये छोटा दरवाजा, आतून किल्लीशिवाय उघडणारा, कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. खिडकीचे गज बिजागरीवर घ्या, बोर्ड शिडीखालून हलवा, मशीनचे एमसीबी रात्री बंद करा. हे जमणार नसेल तर पोरांना जवळपास खोली घेऊन द्या, आणि खोली मिळेपर्यंत बाहेरचं कुलूप तरी आज रात्रीपासून लावू नका.