जांभळा केक निळा पडल्याच्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी सावकाश आणि एकाहून अधिक वेळा वाचला. मुलीच्या वाढदिवसासाठी मागवलेला जांभळा केक संध्याकाळी कापायच्या वेळी निळसर दिसत होता, वरच्या थराला पाणी सुटून तो हाताला चिकटत होता आणि काळी अक्षरे कडू लागून मुलांचे ओठ काळे झाले, असे आपण लिहिले आहे. तयार फॉन्डंट (केकवर चढवायचा साखरेचा लाटलेला थर) न आणता घरी केलेले वापरणे म्हणजे ग्राहकाच्या जिवावर खर्च वाचवणे होय, असेही आपण शेवटी म्हटले आहे. यांतील पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यांची जबाबदारी माझी आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. चौथे म्हणणे मात्र मला मान्य नाही. त्याचे कारणही पुढे देत आहे.

सर्वांत आधी रंगाविषयी, कारण आपला सर्वाधिक विरस त्यानेच झाला. केक आमच्याकडून निघाला तेव्हा तो जांभळाच होता, आपण पाठवलेल्या सकाळच्या छायाचित्रातही तो तसाच दिसतो; पण यामुळे माझी चूक कमी होत नाही. आम्ही जांभळा रंग गुलाबी आणि निळा जेल कलर (घट्ट खाद्यरंग) एकत्र मळून तयार करतो. एरिथ्रोसीनसारखे काही गुलाबी खाद्यरंग उजेडाला फार नाजूक असतात. ते आधी उडतात आणि मागे निळा उरतो. आपला केक दिवसा बराच वेळ खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेला होता, असे छायाचित्रावरून दिसते. केक मांडून ठेवण्यासाठीच घेतला जातो, त्यामुळे आपले काहीच चुकले नाही. हा रंग उजेडात विटतो हे मला ठाऊक होते आणि केक देताना ते सांगायचे राहून गेले, ही चूक माझीच.

आपला अभिप्राय वाचल्यावर त्याच गोळ्यातले उरलेले फॉन्डंट मी लाटले, त्याची एक पट्टी कापली, तिच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा ठेवला आणि ती खिडकीत ठेवली. संध्याकाळी पुठ्ठा उचलला तेव्हा झाकलेला अर्धा भाग जांभळा आणि उघडा भाग स्पष्ट निळसर होता. यापुढे जांभळ्या, गुलाबी आणि फिकट लाल रंगाचा प्रत्येक गोळा केकवर चढवण्याआधी अशीच पट्टी ठेवून पाहिली जाईल आणि जो गुलाबी रंग दिवसभर टिकणार नाही तो वापरला जाणार नाही. गुलाबी थोडा जास्त घालून ठेवावा म्हणजे उडाला तरी जांभळा उरतो, असा एक उपाय काही जण करतात. मला तो पटत नाही, कारण त्याने केक सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा दिसतो.

पाणी सुटण्याचे कारण फ्रीज आहे. फॉन्डंटचा बहुतेक भाग साखर असतो आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. थंड केक बाहेरच्या उबदार हवेत उघडला की त्यावर दव धरते, वरचा थर विरघळून चिकट होतो आणि अशा वेळी बोट लागले तर रंग पसरतो. त्याला हात न लावता कोरड्या जागी तसाच ठेवला तर तो बराचसा पुन्हा सुकतो. केक शिळा असल्याची शंका आपल्याला आली, ती स्वाभाविक होती; पण तो शिळा नव्हता. आत बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेले क्रीम, होते, त्यामुळे त्या एका दिवसासाठी तो फ्रीजमध्ये ठेवण्याची गरजच नव्हती. आमच्या चिठ्ठीवर केवळ ‘थंड जागी ठेवावा’ असे छापले होते आणि त्याचा अर्थ कोणीही फ्रीज असाच घेईल. ती चिठ्ठी बदलली आहे. ज्या केकला फ्रीज लागतोच, तो खोक्यासकट बाहेर काढावा आणि खोके बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, म्हणजे दव केकऐवजी खोक्यावर धरते, हेही आता त्यावर लिहिले आहे.

काळ्या अक्षरांची चूक तर निव्वळ घाईची होती. पांढऱ्या मार्शमॅलो फॉन्डंटला काळे करायला रंग फार लागतो आणि तो ओतत गेले की कडवटपणा येतो. त्यासाठी मिश्रणात आधी कोको मिसळून ते तपकिरी करावे, मग बेताने काळा जेल घालावा आणि गोळा रात्रभर गुंडाळून ठेवावा. गडद रंग मळल्यावर लगेच पूर्ण दिसत नाही, तो काही तासांत मुरून चढतो. त्या दिवशी अक्षरे सकाळीच करायला घेतली गेली, रंग राखाडी वाटला म्हणून त्यात आणखी रंग घातला गेला आणि व्हायचे तेच झाले. नीट केलेल्या काळ्या फॉन्डंटनेही जीभ थोडा वेळ रंगते, हे मला नाकारायचे नाही. पण कडू लागण्याला काहीच सबब नाही.

आता घरी केलेल्या फॉन्डंटविषयी. एका वेळेला साधारण 450 ग्रॅम मार्शमॅलो दोन-तीन चमचे पाण्यासह थोडे थोडे गरम करून वितळवायचे, त्यात जवळपास दुप्पट वजनाची आयसिंग शुगर (अगदी बारीक दळलेली साखर) बसेल तशी मिसळायची, हाताला शॉर्टनिंग (घट्ट स्निग्ध पदार्थ) लावून गोळा गुळगुळीत होईपर्यंत मळायचा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किंचित गरम करून पुन्हा मळायचा, असे हे काम आहे. रंगही पातळ चालत नाही, कारण त्यातल्या पाण्याने साखर विरघळते. म्हणून जेलच लागतो आणि तो एकसारखा होईपर्यंत मनगटे भरून येतात. खर्च वाचवण्यासाठी कोणी एवढे करणार नाही. हे मऊ असते, त्याला मार्शमॅलोची चव असते आणि मुले ते काढून बाजूला ठेवत नाहीत, म्हणून मी ते करते. ते गोड असते हे खरे, आणि त्यासाठीच थर शक्य तितका पातळ, सुमारे 3 मिलिमीटरचा, लाटते. नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असते आणि ते प्राणिजन्य आहे, हे आम्ही मागणी घेतानाच सांगतो. आपल्यालाही सांगितले होते.

केकची पूर्ण रक्कम मी आजच आपल्याला परत पाठवत आहे. याशिवाय मुलीसाठी त्याच नक्षीचा छोटा जांभळा केक करून देण्याची माझी इच्छा आहे. आपली तयारी असल्यास दिवस कळवावा. त्या दिवसाच्या दोन दिवस आधी फॉन्डंट मळीन आणि त्याची खिडकीत ठेवलेली पट्टी आपल्याला दाखवूनच केकला हात लावीन.