साडूंची कादंबरी

आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली आणि फंडाच्या पैशातून स्वतःच छापली. इथवर माझा काही संबंध नव्हता. पण मेव्हणी म्हणाली, "दाजी, तुमच्या ओळखी लई!" आणि दुसऱ्या दिवशी निम्मे गठ्ठे रिक्षातून आमच्या माडीवर.

कायदा साडूंच्या बाजूनं आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना महिन्याभरात स्वखर्चानं धाडावी लागते. स्वतः छापलं की प्रकाशक आपणच. साडूंनी चार पाकिटं पोस्टात टाकली आणि घरी येऊन म्हणाले, "चार महानगरांत पोचलो." आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, १३ आकडेही सरकारकडून फुकट मिळतात, ते त्यांनी पाठ केलेत, पाहुण्यांना म्हणून दाखवतात. राहता राहिला वाचक. त्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही.

कोल्हापूरकर पुस्तकाचा अपमान करत नाही, हे आधीच सांगतो. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणारं हे गाव; खांडेकर इथंच राहिले. साहित्यिक म्हटलं की आम्ही लगेच शाल काढतो. पाकीट काढायचं तेवढं राहून जातं.

"साडूंनी लिहिलंय? नाद खुळा!"

"घ्या एक. दोनशे रुपये."

"घेतलं असतं हो, पण लेखकाच्या सहीशिवाय मजा नाही."

सही आणून दिली तर म्हणतात, "आता सही केलीया म्हणजे भेटच की! पैसं कसलं घेताय?"

पुस्तकाच्या एका दुकानात गेलो. मालकांनी आधी जाडी बघितली, मग लेखकाचं नाव, मग माझं तोंड. कमिशन ४० टक्के, विकलं तर पैसे, नाही विकलं तर गठ्ठा तुम्हीच उचलायचा. वर विचारलं, "स्पर्धा परीक्षेला चालंल काय?" यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. फळीवरच्या वीतभर जागेचंही भाडं त्यांनाच भरायचं असतं, आणि गिऱ्हाईक ऐकलेलं नावच मागतं.

या फिरतीत एक मात्र ध्यानात आलं. मलपृष्ठावरचं 'मानवी भावभावनांचा हृदयस्पर्शी पट' वाचून दाखवलं की माणूस घड्याळाकडं बघतो. तेच "गुऱ्हाळात काम करणारी पोर मालकाची हिशेबाची वही घेऊन रातोरात पळून जाते," एवढंच सांगितलं की विचारतो, "का?" तो 'का' आला की पुस्तक हातात द्यायचं आणि आपण गप्प बसायचं.

हेच सूत्र मी मिरजकर तिकटीजवळच्या माझ्या नेहमीच्या सलूनमध्ये वापरलं. रविवारी तिथं बाकावर ही गर्दी! म्हटलं, पेपरशेजारी एक प्रत ठेवू. बसल्या बसल्या चार पानं वाचतील, गोडी लागली की विकत घेतील. वाचलं ते खुद्द सलूनवाल्यानं, फणी खूण म्हणून घालून. आणि मग तो सांगायला लागला. फेस लावताना पोरीचं बालपण, एका गालावर गुऱ्हाळातली भांडणं, दुसऱ्यावर वहीचं गुपित. आणि पोर कुंपणावरून उडी मारते तिथं वस्तरा नेमका गळ्यापाशी थांबवायचा. गिऱ्हाईकाला हूं म्हणायचीही सोय नाही. गर्दी दुप्पट झाली, पुस्तक एकही खपलं नाही. "विकत कशाला? ऐकतोय की आम्ही!" शिवाय त्यानं पदरचा एक पैलवान घातलाय. मूळ कादंबरीत पैलवान नाही. पण खासबागच्या गावात पैलवानाशिवाय गोष्ट कशी पुढं सरकणार, असं त्याचं म्हणणं.

साडूंच्या कानावर हे गेलं तसे ते तावातावानं निघाले. मी मागोमाग. "मी या पुस्तकाचा..." एवढं बोलेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवून तोंडाला फेस फासलासुद्धा. पोर वही छातीशी धरून रंकाळ्यावर पोचली, मालकाची माणसं मागं, समोरून पैलवान आला, त्यानं लांग कसली... आणि गालावरून तुरटी फिरली.

साडू आरशातून त्याच्याकडं बघत राहिले. "मग? पुढं काय झालं?"

"पुढचं पुढच्या दाढीला," त्यानं कापड झटकलं. "सत्तर रुपये द्या."