बाईनं गायलं म्हणून गाणं बाटलं का?

पहिली ओळ संपायच्या आत नानांनी हात वर केला. "बंद कर रे. हे मूळ नव्हे."

चीफनं मोबाईल पालथा घातला. चीफ म्हणजे आमचा बोटीवरचा. इंजिनात असतो, आणि सुट्टीवर आला की संध्याकाळी रत्नागिरीतल्या मांडवीच्या कट्ट्यावर हजर. व्हिडिओ त्याच्याच जहाजावरचा होता. मेसरूममधल्या टीव्हीला जोडलेला कराओके, बॉयलरसूट कमरेपर्यंत सोडून उभा असलेला फिलिपिनो बोसन, म्हणजे आपल्या भाषेत सारंग, आणि डोळे मिटून चाललेलं 'दाहिल सा इयो', म्हणजे 'तुझ्यामुळे', हे फिलिपिन्समधलं जुनं प्रेमगीत.

"नाना, मूळ कधी ऐकलंयत तुम्ही?" वैजूनं विचारलं. तिचं झेरॉक्सचं दुकान समोरच आहे. शटर अर्धं ओढून ती चहापुरती येते आणि आम्हाला गप्प करून जाते.

"ऐकायला कशाला पाहिजे? हे मूळ नाही एवढं कळतं की."

नानांचं हे असंच आहे. घरी रेकॉर्डप्लेअर आहे, त्याची सुई कधीचीच मोडलीय, पण 'रेकॉर्डवरचं ते रेकॉर्डवरचं' हे आम्हाला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. रिअ‍ॅलिटी शोमध्ये एखाद्या पोरीनं जुन्या भावगीतात एक हरकत जास्त घेतली तर त्यांचं रक्त खवळतं. गजाला त्यांनी गणपतीच्या गायनस्पर्धेत 'मूळ चाल सोडली' म्हणून बाद केलं होतं. गजा आता रिक्षा चालवतो, पण नानांना स्टँडवर सोडायची वेळ आली की मीटर टाकतोच.

"मूळ कुणी गायलंय माहितीय?" चीफ म्हणाला. "रोहेलिओ दे ला रोसा. तिकडचा मोठा हिरो. माइक वेलार्देनं 'बितुइंग मारिकित' नावाच्या पिक्चरसाठी चाल बांधली, तीसच्या दशकाच्या शेवटी. तेव्हापासून जो उठतो तो गातो. १९६१ मध्ये अमेरिकन गायक नॅट किंग कोल मनिलाला गेला आणि चक्क तागालोगमध्ये गाऊन आला. त्याला त्या भाषेचं ओ की ठो येत नव्हतं."

"घ्या!" नाना म्हणाले. "अर्थ कळत नाही आणि गातोय."

"तुम्ही सकाळी रुद्र म्हणता त्याचं काय, नाना?" वैजू.

चहा गजाच्या नाकातून बाहेर आला. नाना दोन मिनिटं समुद्राकडे बघत बसले.

पण खरा वाद नानांनी नाही, गजानं काढला. "ते इमेल्डाचं गाणं ना? तिकडच्या मार्कोसची बायको, चपलांच्या ढिगासाठी गाजलेली?" त्याला एवढंच माहीत होतं, पण त्याला कधीच जास्त लागत नाही. "मग ते गाणं संपलं. १९६५ च्या प्रचारात बाईनं स्टेजवर गाऊन गाऊन नवऱ्याला निवडून आणलं, पुढं १९७२ मध्ये त्यानं मार्शल लॉ लावला. लोकांची पोरं तुरुंगात नि ही पार्ट्यांत प्रेमगीतं म्हणतेय! आता ते कुणीही गायलं तरी मला बाईच दिसणार."

"बरोबर!" नानांनी लगेच उडी मारली. कारण वेगळं, पण बाजू तीच. "गाणं एकदा भलत्याच्या तोंडी गेलं की बाटलं."

"बाटायला ते काय लोणचं आहे?" वैजू म्हणाली. "गजा, तू त्या गाण्याची शेवटची ओळ बघ." तिनं चीफच्या मोबाईलवर शब्द काढलेच होते. "यात प्रेम करणारा म्हणतो, तू मला गुलाम केलंस तरी चालेल, माझ्या आयुष्यात जे आहे ते तुझ्यामुळे. आता हे बाई कुणाला बघून गात होती? समोरच्या गर्दीला. आणि गुलाम कोण झालं? त्या ओळीचा अर्थ बाईनं फिरवला, त्यात गाण्याचा काय गुन्हा? चोरानं तुझी रिक्षा पळवली तर मी तुझ्या रिक्षाला चोर म्हणू?"

गजा म्हणाला, "माझी रिक्षा मी परत आणल्यावर धुऊन घेईन."

"मग तेच चाललंय. हा बोसन धुतोय."

मला हे पटलं, म्हणून मी मध्ये बोललो नाही. मी बोललो की वैजूचा मुद्दा कमजोर होतो असा कट्ट्याचा अनुभव आहे.

चीफनं मग खरी गंमत सांगितली. हा रोहेलिओ पुढं राजकारणात गेला, सिनेटर झाला. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि शेवटी माघार घेऊन दिओस्दादो माकापागालला पाठिंबा दिला. माकापागाल कोण? त्याच्याच बहिणीचा नवरा. बहीण तोवर वारलेली, पण नातं ते नातं. माकापागाल निवडून आला, आणि चार वर्षांनी त्याला पाडलं कुणी? मार्कोसनं.

वैजूनं ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मूळ गायकाच्या दाजीला त्याचंच गाणं म्हणून पाडलं?"

"तेच तर!"

"नाना, कव्हर व्हर्जनची ताकद बघा," वैजू म्हणाली. "मूळवाल्याच्या घरात घुसून खुर्ची नेली."

नानांनी विषय कराओकेवर नेला. ही जपान्यांची थेरं, माणसाला गाता येत नाही म्हणून यंत्र लागतं वगैरे. चीफ म्हणाला, हे बोसनच्या समोर बोलू नका. त्यांच्या रोबेर्तो देल रोसारिओनं 'सिंग-अलाँग सिस्टिम'चं पेटंट घेतलंय आणि ते तिथल्या सुप्रीम कोर्टानंही उचलून धरलंय. जपानच्या इनोउएचं यंत्र आधीचं हे खरं, पण जहाजावर हे म्हटलं तर रात्रीच्या जेवणात भात मिळत नाही.

"आणि गजा, विरोधकांकडेही गाणं होतं," वैजू पुन्हा मुद्द्यावर आली. ती सोडत नाही. "'बायान को', म्हणजे 'माझा देश'. होझे कोराझोन दे हेसुसचे शब्द, कोन्स्तान्सिओ दे गुझमानची चाल, अमेरिकेचं राज्य होतं तेव्हाची. मार्कोसच्या विरोधात लोक रस्त्यावर तेच गात होते. ते काय त्यांनी नवीन लिहिलं? तेही जुनंच, तेही कुंडिमान. त्यांनीही कव्हरच केलं की. कव्हर वाईट म्हणशील तर दोन्हीकडचं म्हण."

"कुंडिमान म्हणजे?" मी विचारलं.

"त्यांचं जुनं प्रेमगीत," चीफ म्हणाला. "तीन मात्रांत चालतं. सुरुवात रडवेली, मग मध्येच..."

"मध्येच गंधार बदलतो," नाना म्हणाले.

आम्ही सगळे वळलो. नाना अजून समुद्राकडेच बघत होते. "मघाशी ऐकलं ना. वरच्या ओळींत कोमल गंधार होता. धृपदाला आला आणि शुद्ध लावला त्यानं. षड्ज तोच ठेवून. चांगला लावला."

चीफनं मोबाईल उचलून पुन्हा लावला. खरंच. वर सगळं हाल, दुःख, कष्ट. बोसनचा आवाज घशात अडकल्यासारखा. मग 'दाहिल सा इयो' आलं आणि तो सरळ उभा राहिला. मागं जेवत असलेल्या थर्ड इंजिनियरनं काटा ताटात ठेवला. बोसनला घर सोडून आठ महिने झाले होते, असं चीफ म्हणाला, आणि यावर गजासुद्धा काही बोलला नाही.

"म्हणजे नाना, हेच मूळ," वैजू म्हणाली.

"मी मूळ म्हटलं नाही. चांगला लावला म्हटलं."

गजाला मात्र शेवट हवा होता. "मग बाईचं काय झालं?"

"२५ फेब्रुवारी १९८६," चीफ म्हणाला. "सकाळी विरोधकांच्या कोरी अकिनोनं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दुपारी मार्कोसनं राजवाड्यात आपली वेगळी घेतली. मग नवराबायको गच्चीवर आली आणि बाईनं हेच गाणं गायलं. रात्री हेलिकॉप्टर, तिथून पुढं हवाई."

"१९८६?" गजा उठून बसला. "आपला थिबा राजा, इंग्रजांनी ब्रह्मदेशातून हाकललेला, रत्नागिरीत आला १८८६ ला! बरोबर शंभर वर्षं! आणि दोघंही समुद्रकिनारी!"

"थिबा गायचा का?" मी विचारलं.

"गायला असता तरी नानांनी बाद केला असता."

"थिब्याची कबर तरी इथंच आहे," चीफ म्हणाला. "मार्कोस १९८९ ला होनोलुलूत गेला आणि त्याला नीट पुरायला २०१६ उजाडलं. इतकी वर्षं मसाला लावून ठेवला होता."

"बघ वैजू," गजा म्हणाला, "मघाशी तू लोणच्याला हसलीस."

यावर नानाही हसले. मग गणपतीच्या स्पर्धेचा निकाल पुन्हा निघाला. गजानं कुठला गंधार लावला होता यावर दोघांची जुंपली, गजानं तो तिथंच लावून दाखवला, आणि चहावाल्यानं स्टोव्ह बंद करून गिऱ्हाईक पळतंय म्हणून आम्हाला उठवलं.