प्लास्टिक सर्जनला आधीच का भेटायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला तर प्लास्टिक सर्जन नवा स्तन घडवून देतो. 'स्तन काढण्याआधीच प्लास्टिक सर्जनला भेटा' या माझ्या सल्ल्यावर तुमच्या दोन हरकती आहेत: त्यानं कीमो लांबते, आणि नव्या स्तनाखाली कॅन्सर परत आला तर कळत नाही. पहिलीत तथ्य आहे.

ऑपरेशननंतर कीमो साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवी. त्याच ऑपरेशनमध्ये स्तन घडवला आणि त्वचेची कड काळी पडली किंवा जंतुसंसर्ग झाला, तर जखम भरेपर्यंत कीमो अडते. शुगर वाढलेली असेल किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुरू असेल तर ही भीती जास्त. 'सिगारेट ओढता का?' असं विचारलं की आपल्या नागपूरकडच्या बायका 'नाही' म्हणतात आणि ते खरंही असतं. खर्ऱ्याचं कोणी विचारतच नाही! पण निकोटीन गालातून गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतं. आधी किमान ४ आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत खर्रा पूर्ण बंद हवा.

पण भेटायचं म्हणजे लगेच करून घ्यायचं असं नाही ना. भेटीत ठरवायचं ते रेडिएशनचं. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या ४ वा जास्त गाठींत कॅन्सर पोचला असेल, तर ते बहुधा लागतं. इम्प्लांटवर (आत बसवलेल्या सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनावर) रेडिएशन पडलं की त्याभोवतीचं आवरण आकसायची शक्यता बरीच वाढते. स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. अशा वेळी रेडिएशन संपल्यावर निदान ६ महिने थांबून पोटाची त्वचा-चरबी वापरणं मला जास्त पटतं. रेडिएशन नसेल तर स्तनाची त्वचा राखून आत एक्स्पांडर (हळूहळू फुगवायची पिशवी) बसवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुईनं ५० ते १०० मिली सलाइन भरत नेतात. ही त्वचा एकदा कापून टाकली की परत मिळत नाही. म्हणून आधी भेटा म्हणते.

दुसरी हरकत. परत येणारी गाठ बहुतेक वेळा त्वचेत किंवा त्वचेच्या लगेच खाली येते आणि इम्प्लांट त्याच्या मागे असतो, त्यामुळे ती बोटांना लागते. छातीच्या भिंतीत खोल आलेली मात्र स्कॅनसारख्या तपासणीतच दिसते.

पोटाच्या त्वचा-चरबीचं ऑपरेशन ६ ते १० तासांचं असतं, कारण दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडाव्या लागतात. त्यानंतरची पहिली रात्र नर्सच्या हातात असते. ती दर तासाला नव्या त्वचेवर बोट दाबून सोडते. पांढरा पडलेला ठसा दोनेक सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. त्वचा निळसर आणि रंग झटकन परततोय, म्हणजे शीर तुंबली. फिकट आणि गार, म्हणजे रक्तच पोचत नाही. दोन्हीत काही तासांत पुन्हा ऑपरेशन थिएटर. म्हणून हॉस्पिटल निवडताना खर्चाच्या आधी हे विचारा: रात्री दोन वाजता गरज पडली तर जोड उघडणारा सर्जन इथं येईल का? खर्चाचं आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनिसाला) विचारा, पण स्तन काढण्याचं आणि घडवण्याचं अशी दोन्ही नावं घेऊन.

आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन वर्षं उलटली त्यांनी 'राहून गेलं' म्हणू नये. पाच-दहा वर्षांनीही पोटाची किंवा पाठीची त्वचा घेऊन स्तन घडवता येतो. नकोच असेल तर सपाट छातीही चालते. तेही सर्जनला आधी सांगा, म्हणजे टाके घालताना काखेकडे जास्तीची त्वचा लोंबत राहणार नाही. ब्रामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा स्तन घेणार असाल तर सुती खिशाची ब्रा घ्या, आपल्या मे महिन्यात त्याखाली घामोळं फार येतं.