सोय आहे म्हणजे गादी उपलब्ध आहे

साताऱ्यापासून जेमतेम 55 किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरला नाताळच्या सुट्टीत दोन रात्री राहून काल परतलो, आणि खर्चाची वही उघडल्यापासून डोके ठणकते आहे. सगळे 15,000 रुपयांच्या आत बसवायचे असे ठरवून निघालो होतो. बेरीज 21,380 येते आहे, आणि तीनदा केली तरी तेवढीच येते आहे.

त्यातली एक नोंद मला काही केल्या पचत नाही. गादी : 2,520 रुपये.

खोली ठरवताना मी फोनवर स्पष्ट विचारले होते, की मी, पत्नी, आई आणि अकरा वर्षांचा मुलगा अशा चौघांचे एका खोलीत भागेल ना? 'हो सर, चार जणांची सोय आहे,' असे उत्तर मिळाले. रात्रीला 3,500 रुपये भाड्याची ती खोली उघडली तेव्हा आत तिघे आखडून झोपतील एवढा एक पलंग आणि भिंतीकडेने चालायला वाट, एवढेच होते. गादी मागितली, ती तीन फोनांनंतर रात्री सव्वाअकराला आली. चार बोटे जाड म्हणावी तर बोटे माझ्या मुलाची धरावी लागतील. मधोमध खोलगा, एका कोपऱ्यात कुणाची तरी केसांची निळी पिन अडकलेली, आणि चादरीचा पत्ता नाही. निघताना या वस्तूचे रात्रीला 1,200 प्रमाणे 2,400 रुपये आणि त्यावर जीएसटी बिलात हजर! चौघांची सोय असल्याचे तुम्हीच सांगितले होते, असे मी म्हणताच काउंटरवरचा तरुण जराही न हसता उत्तरला, 'सोय आहे म्हणजे गादी उपलब्ध आहे, सर.' या 'सर'चा मला मनस्वी तिटकारा आहे. खिशात हात घालण्यापूर्वी माणसाला असे 'सर' म्हणून गोंजारण्याची पद्धत कुणी काढली कोण जाणे.

दुःख असे, की या खेपेला मी अभ्यास करून गेलो होतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, म्हणजे दोन रात्रींच्या भाड्यात आपले 490 रुपये वाचणार, हे मी घरच्यांना जेवताना दोनदा ऐकवले होते. ते 490 रुपये त्या गादीने पाच वेळा गिळले. जेवणाच्या 1,860 रुपयांच्या बिलात 10 टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेले दिसले, तेव्हा मात्र मी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना आणि त्या कायम ठेवणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च 2025 चा निकाल अशा दोन्ही गोष्टी चढ्या आवाजात सांगून 186 रुपये कमी करून घेतले. आई शेजारच्या टेबलाकडे पाहत, आपण यांच्यातल्या नाहीच, अशा चेहऱ्याने बसली होती.

तसा माझा हा संताप जुनाच आहे. चार वर्षांपूर्वी कोकणात माशाच्या ताटापुढे 'बाजारभावानुसार' असे छापलेले होते, आणि तो बाजार नेमका कुठे भरतो हे मला आजतागायत समजलेले नाही. जाहिरातीत भाड्याच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पासून पुढे' लिहिणाऱ्यांना तर एकदा त्या 'पासून'च्या खोलीत मुक्कामाला ठेवले पाहिजे.

आता जे लिहायचे नव्हते तेही लिहितो. निघण्याच्या आदल्या रात्री पत्नी म्हणाली होती, 'अहो, डिकीत जागा आहे, एक गोधडी टाकू या.' हॉटेलात गोधडी घेऊन जायला आपण काय वारीला निघालो आहोत का, असे मी तिला विचारले होते. आनेवाडीचा टोल वाचावा म्हणून मेढा-केळघर मार्गे घाटातली वळणे घेत, मुलाला दोनदा ओकायला लावत नेणारा मीच. आणि 186 रुपयांसाठी न्यायालयाचा निकाल सांगून झाल्यावर वेण्णा तलावाकाठी दर न विचारता मुलाला घोड्यावर बसवणाराही मीच. उतरताना घोडेवाल्याने 800 सांगितले. तो 'सर' म्हणाला नाही, 'दादा' म्हणाला, त्यामुळे मी मुकाट्याने दिले. शिवाय वहीत चणे, चिक्की आणि जॅमच्या बाटल्या मिळून 1,940 रुपये दिसतात, त्यांना घरात कुणीही अजून हात लावलेला नाही.

त्या गादीवर दोन्ही रात्री अर्थातच मी झोपलो. आज सकाळी कंबर धरली म्हणून पोवई नाक्यावरून 145 रुपयांची मलमाची ट्यूब आणली आहे. ती सहलीच्या खर्चात धरायची की औषधपाण्याच्या, यावर पत्नीचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.